बांधीवर बसून काढ

बाबू,

तू पाठवलेली चित्रं मोठी करून करून पाहिली. फेटेवाला म्हातारा, बैलगाडी, घागर घेतलेली बाई, मागे लाल सूर्य. आपल्या गावात फेटा कोण बांधतं रे? आपले म्हातारे डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. ‘गावाकडचा चित्रकार’ म्हणून शहरातल्यांना जे हवं, ते तू त्यांच्याच कॅलेंडरातून उचलून त्यांना परत दिलंस. काहून?

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून मास्तर होऊ की मुंबईला जाऊ, असं विचारतोस. ते नंतर. धान रोवण्याच्या वेळी तू गावातच होतास ना? धानाच्या बांधीवर बसून एक तरी चित्र काढलंस?

समोर बसून काढ. रोवणाऱ्या बाईचे पाय दिसतच नाहीत, चिखलात असतात. सगळा भार कमरेवर येतो आणि ती मागे मागे सरकत जाते. धानाचे कोवळे पऱ्हे रोवल्यावर आधी पिवळे पडतात, मग हिरवं धरतात. तो मधला रंग ट्यूबमधून निघत नाही, चार सकाळी तिथं बसून मिसळावा लागतो. फोटोवरून काढशील तर फोटोच निघेल.

मी आपल्या झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचो. खडूची भुकटी, पावडर रंग, गरम सरस. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. पुढचं ओळखून हात चालवावा लागतो. जंगलाच्या पडद्यावर मी मोह आणि ऐन काढले, चैत्रातले, अर्धे उघडे. मालक म्हणाला, हे जंगल वाटत नाही, हिरवं कर. नाही केलं. पुढच्या हंगामात काम दुसऱ्याकडे गेलं. पुढे फ्लेक्स आलं, म्हणजे ते तसंही गेलंच असतं. घरचे अजून म्हणतात, हट्टानं पोटावर पाय आणला. म्हणू दे. झाडीत बसून झाडीच्या लोकांना खोटं जंगल दाखवायचं, हे कोणत्या शहाणपणात बसतं बाप्पा? मुंबईत माझं एक प्रदर्शन व्हायला हवं होतं, ते झालं नाही. त्याची सल आहे. त्या पडद्याची नाही.

चित्रकार सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या जंगलात वाढले, आपल्या नागपुरात चित्रकला शिकले, मग मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय, आणि 1950 साली फ्रान्सला गेले. शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून दिला होता, त्याच्याकडे बघत बस म्हणून. तोच पुढे बिंदू होऊन त्यांच्या चित्रांत आला. पोरगा बघत बसला होता, म्हणून आला. तेव्हा मुंबईला खुशाल जा, पण आधी बघून घे.

आणि एटीडी केलंस तरी चालेल, घरी पैसे लागतातच. फक्त वर्गात लोटा ठेवून पोट्ट्यांना वस्तुचित्र काढायला लावशील, तेव्हा खुर्चीत बसू नकोस, त्यांच्यासोबत तूही काढ. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात पोरं ठरलेला बाजार पाठ करून काढतात. त्यांना आधी खऱ्या बाजारात ने.

दिवाळीला येशील तेव्हा हलका धान कापायला आलेला असेल. ऊन चढायच्या आत बांधीच्या पाळीवर जाऊन बस. महागाचा कागद आणू नकोस, कार्ट्रिजचे ताव पुरेत. पाणी बांधीतलंच घे.

तुझा,
मास्तर