जुन्या बरण्यांमधले रंग उडालेले मासे कसे ओळखावेत?

गोव्यातल्या तुमच्या कॉलेजच्या जुन्या संग्रहातले मासे पांढरेफटक पडलेत, त्यांना नावं कशी लावायची, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं अशाच बरण्या सांभाळल्या, प्रयोगशाळा सहायक म्हणून. रंगाचा नाद सोडा. अल्कोहोलात तांबडा-पिवळा आधी जातो. काळे ठिपके जास्त टिकतात, पण खिडकीतल्या उन्हात तेही विरतात. परांचे काटे मोजा, खवले मोजा, पार्श्वरेषा (माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणारी रेघ) बघा.

पण सगळ्यात आधी चिठ्ठी.

आमच्याकडे एका उंच बरणीत इसवण (सुरमई) होती, शेपटी वर मुडपलेली. आतली चिठ्ठी तिच्या कल्ल्याला चिकटलेली. शाईने लिहिलं होतं ‘सिबियम गुटॅटम, शापोरा’, खाली साल. त्यातलं १९५ स्पष्ट, शेवटचा आकडा पसरलेला. एक सर पाहणीला आले. ‘सिबियम नावाचा मासाच नाही,’ म्हणत त्यांनी चिमट्याने चिठ्ठी काढली, केराच्या डब्यात टाकली आणि बाहेरून टाइप केलेलं लेबल चिकटवलं : स्कॉम्बेरोमोरस गुटॅटस. गाव नाही, साल नाही. मी म्हटलं, सर, हे जुनं नाव आहे, फ्रान्सिस डे यांच्या भारतातल्या माशांवरच्या १८७५-७८ च्या ग्रंथात इसवण याच नावाखाली आहे. ‘तू बरण्या पूस,’ म्हणाले.

संध्याकाळी भिंग घेऊन बसलो. पार्श्वरेषा पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली वाकलेली. गुटॅटसची अशी नसते, ती हळूहळू उतरत जाते. म्हणजे हा स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन, पट्ट्यांची इसवण; गुटॅटस ती ठिपक्यांची. माझी आई म्हापशाच्या बाजारात मासे विकायची. पट्ट्यांची इसवण वेगळी नि ठिपक्यांची वेगळी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक.

म्हणजे जुन्या चिठ्ठीवरचं नावही चुकलेलंच होतं. असू दे की! नाव कधीही दुरुस्त करता येतं, मासा समोरच आहे. पण तो गोवा मुक्त व्हायच्या, म्हणजे १९६१ च्या, आधी शापोऱ्याला मिळाला होता, हे माशाच्या अंगावर कुठे लिहिलेलं असतं? दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन डबा बघितला. रिकामा होता.

म्हणून सांगतो, कितीही मोठा माणूस आला तरी जुन्या चिठ्ठीला हात लावू देऊ नका. आधी फोटो काढा, रजिस्टरात जशीच्या तशी उतरवा, चुकांसकट. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी घाला, पेन्सिलने लिहिलेली, बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. नाव कोणी आणि कधी ठरवलं तेही त्यात हवं. जुन्या नावाचं आजचं नाव एश्मायर यांच्या माशांच्या सूचीत मिळतं, ती इंटरनेटवर फुकट आहे.

आणि हो, काही बरण्यांत अजून फॉर्मालिन असेल. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. मुडपलेला मासा सरळ करायला जाऊ नका, मोडतो.