नेम सरकला कुठे? स्कोपवाल्या रायफलींची प्रश्नोत्तरे

पावसाळा सुरू झाला की सीमाभागातून येणाऱ्या पत्रांत एकच रडगाणं असतं : स्कोपवाली, म्हणजे नेम धरायची दुर्बीण बसवलेली, रायफल काल लागत होती, आज लागत नाही. यावेळी त्यातलीच पाच पत्रं घेतली आहेत.

माझी .१७७ची स्प्रिंगची एअर रायफल आहे. मे महिन्यात २५ मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. जुलैत बाहेर काढली तर तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. स्कोपची नेम सरकवायची बटणं फिरवून फिरवून थकलो. (जांबोटी, ता. खानापूर)

आधी बटणांवरचा हात काढा. छर्रे एकत्रच पडताहेत पण भलत्या जागी, असं असेल तरच बटणं उपयोगी. तुमचे छर्रे विखुरताहेत, आणि विखुरलेल्या छर्‍यांना बटण फिरवून कुणीच गोळा केलेलं नाही. उलट दर पाच छर्‍यांमागे तुम्ही झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, आणखी हलवत बसलात.

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा! लाकडी दस्ता त्या हवेत फुगतो, जरा ऊन पडलं की आकसतो, आणि दस्त्याचे स्क्रू ढिले पडतात. पुढचे दोन बाजूचे आणि ट्रिगर गार्डजवळचा, सगळे तपासा. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत नीट बसणारा घ्या, नाहीतर डोकी खराब होतील. मग नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत किंचितही खेळ जाणवला, तर दोष तिथेच शोधा.

दुसरा संशय तेलाचा. पावसाळ्यासाठी ठेवताना नळीत भरपूर तेल सोडलंत का? स्प्रिंगच्या रायफलीत दाबलेल्या गरम हवेने ते तेल पेटतं. धूर येतो, आवाज मोठा होतो आणि प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा. कोरड्या कापडाच्या पट्ट्या ओढून नळी पुसा, वीस-तीस छर्रे उडवा, मगच टार्गेट लावा.

एवढं करूनही फरक नाही पडला तर स्कोप काढून ठेवा आणि रायफलीच्या मूळ साध्या माशीवर (नळीवरच्या नेमखुणेवर) पाच छर्रे मारा. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, आवळला तर गुन्हेगार स्कोप किंवा त्याचा माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा भाग). नाही आवळला तर रायफल, छर्रे किंवा तुमची पकड. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. त्यात माउंट रेलवर (तो ज्या पट्टीवर बसतो तिच्यावर) हळूहळू मागे घसरतो, आणि साध्या रायफलीसाठी केलेला स्कोप आतून खिळखिळा होतो. माउंटच्या पुढच्या कडेला रेलवर नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा; रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली की उत्तर मिळालं. पकडही सैल ठेवा. ही जात घट्ट आवळली की बिथरते.

निवडणुकीत परवान्याची .२२ रायफल जमा केली होती. परत आल्यावर ५० मीटरवर ग्रुप पूर्वीएवढाच पडतो, पण चार बोटं डावीकडे. स्कोप गेला का? (निपाणी)

ग्रुप तेवढाच आहे म्हणजे नळी, दस्ता आणि तुम्ही तिघंही ठीक असावेत. कुठेतरी स्कोपला ठोसा बसला आहे. नव्याने झिरो करायची घाई नको; आधी बेसचे (स्कोपखालच्या बैठकीचे) स्क्रू आणि रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू बघा. ढिल्या बेसवर केलेला झिरो आठवडाभरही टिकणार नाही. नळीतून पट्टी ओढून गंज आहे का तेही पाहा. साफसफाई बोल्ट काढून मागच्या बाजूने करा, कारण तोंडाकडून घातलेली सळी तिथल्या कडेला घासते आणि त्या कडेचा ओरखडा नेमाला भोवतो.

सगळं घट्ट असेल तर हिशोब सोपा. बटणाच्या पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकतं, ५० मीटरवर त्याच्या निम्मं. चार बोटं म्हणजे ७ सेंटिमीटर धरले तर साधारण १९ क्लिक उजवीकडे. त्यानंतर स्कोपची परीक्षा घ्या : २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन गोळ्या. चौकोन नीट उमटला आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी आल्या तर स्कोप शाबूत. हे सगळं क्लबच्या रेंजवरच. उसाच्या फडाच्या कडेला अजिबात नाही.

पुढच्या आचारसंहितेआधी बटणांवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.

.२२चं नवं खोकं, कंपनी तीच, तरी ग्रुप दुप्पट. (शहापूर, बेळगाव)

खोक्यावरचा लॉट नंबर (एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक) बघा. कंपनी तीच असली तरी लॉट बदलला की रायफलीची आवड बदलू शकते. जुनी काडतुसं शिल्लक असतील तर दोन्ही एकाच सकाळी, एकाआड एक मारा. जुनी बरोबर लागली तर प्रश्न मिटला. रायफलीच्या पसंतीचा लॉट मिळाला की जमेल तेवढा घेऊन ठेवावा.

१० मीटरवर स्कोपमधलं चित्र धूसर दिसतं आणि डोकं हललं की क्रॉसहेअर काळ्या गोलावरून सरकते. मुलाला स्पर्धेत उतरवायचं आहे. (चिकोडी)

स्कोप बिघडलेला नाही. बहुतेक रायफल स्कोप १०० यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात. १० मीटरवर ते गोंधळतात. पुढच्या भिंगाचं किंवा बाजूचं अंतर जुळवायचं चाक १० मीटरपर्यंत येणारा स्कोप लागेल. पण मुलाला स्पर्धेत उतरवायचं तर त्यावर पैसे घालू नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते बारीक छिद्राच्या पीप साइटवर. मुलाचा हात त्याच साइटवर बसू द्या.

पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलीचे सुरुवातीचे छर्रे बरोबर, मग एकेक खाली. (बेळगाव)

टाकीतला दाब उतरतोय. रेग्युलेटर (दर छर्ऱ्याला सारखाच दाब देणारा भाग) नसेल तर हे व्हायचंच. गेजवर कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत छर्रे एका जागी पडतात ते टार्गेटवर लिहून काढा आणि तेवढ्यातच खेळा. रेग्युलेटर असूनही असं होत असेल तर टाकी त्याच्या ठरलेल्या दाबाखाली गेली आहे किंवा तो गळतोय. तो घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेतला ओलावाही आत जातो. पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावा आणि त्यातला मसाला वेळच्या वेळी बदला.