अमेरिकेचा उपाध्यक्ष अधिवेशनात ठरतो का?

प्रश्न : अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात निवडतात, असं पुस्तकात असतं. बातम्यांत मात्र नाव आधीच जाहीर झालेलं दिसतं. मग तिथे जमलेले प्रतिनिधी करतात काय? आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष एकाच राज्यातले चालतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुस्तक चुकलेलं नाही आणि बातमीही खरी आहे. मंजुरी अधिवेशनच देतं, पण नाव अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतो. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं आणि प्रतिनिधींनी त्याच दिवशी आवाजी मतदानानं ते मंजूर केलं.

पूर्वी असं नव्हतं. बत्तीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवलं. हा धडा आला की आधी फळ्यावर दोन आकडे लिहायचो : ४२९.५ आणि ३१९.५. “सर, अर्धं मत कसलं?” हा प्रश्न दरवर्षी ठरलेला! काही प्रतिनिधींना तेव्हा अर्धंच मत असे.

हे आकडे जुलै १९४४ चे, शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातले. रूझवेल्ट अध्यक्षपदासाठी चौथ्यांदा उभे होते आणि त्यांची तब्येत खालावली होती. उपाध्यक्ष हेन्री वॉलेस पक्षश्रेष्ठींना फार डावे वाटत. उद्या तेच अध्यक्ष होतील ही त्यांची धास्ती. २० तारखेच्या रात्री सभागृह वॉलेस यांच्या नावानं दुमदुमत असताना अधिवेशनाच्या अध्यक्षांनी बैठकच तहकूब केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस ४२९.५, हॅरी ट्रूमन ३१९.५. बहुमत कुणालाच नाही. मग राज्याराज्यांच्या प्रतिनिधींना वळवलं गेलं आणि दुसऱ्या फेरीअखेर ट्रूमन १,०३१, वॉलेस १०५! शपथविधीनंतर ८२ दिवसांनी रूझवेल्ट गेले. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा अध्यक्ष होते ट्रूमन. त्या रात्रीची तहकुबी मला आजही अस्वस्थ करते.

१९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी निवड खरोखरच प्रतिनिधींवर सोडली. एस्टिस केफॉव्हर यांनी ३९ वर्षांच्या जॉन केनेडींना हरवलं, तेही उघड मतमोजणीत. ही पद्धत परत यावी, असं मला मनापासून वाटतं. एका माणसाच्या पसंतीपेक्षा हजारेक प्रतिनिधींची उघड मतं केव्हाही बरी.

आता एकाच राज्याचं. बंदी नाही, पण बारावी घटनादुरुस्ती सांगते की कोणत्याही राज्याच्या निर्वाचकांनी (म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडायला राज्यातर्फे मत देणाऱ्यांनी) अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मतं आपल्याच राज्यातल्या दोघांना द्यायची नाहीत. २००० साली बुश टेक्सासचे आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनीही तिथेच राहत होते. म्हणून चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्सासच्या निर्वाचकांची मतं होती ३२, आणि नोंदणी हलवली नसती तर ती दोघांनाही देता आली नसती. ही जोडी जिंकली २७१ मतांवर आणि लागत होती २७०.