दृष्टिदोष असलेल्या भावाच्या पदवीच्या शिक्षणासाठी कोणती मदत मिळते आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाला दृष्टिदोष आहे, जुन्या प्रमाणपत्रावर 75 टक्के लिहिलंय, वय 18 पूर्ण झालंय. बारावीनंतर त्यानं छत्रपती संभाजीनगरला बी.ए.ला प्रवेश घेतलाय. गाव अंबाजोगाई तालुक्यात, वडिलांची तीन एकर कोरडवाहू. त्याला काय काय मिळू शकतं?

मिळण्यासारखं बरंच आहे. पण आपल्या भागात अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. त्यामुळे आधी तीन गोष्टी पक्क्या करा: यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला आणि बँक खातं. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यानंतर.

पहिली गोष्ट यूडीआयडी. भावाचं जुनं प्रमाणपत्र आता शिष्यवृत्तीला पुरत नाही, पोर्टलवर यूडीआयडी क्रमांकच लागतो. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना जुनं प्रमाणपत्र असल्याचं नमूद करून त्याची स्कॅन प्रत जोडा. रुग्णालय निवडायला सांगतात तिथे बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, यादीत दिसेल आणि जवळ पडेल ते घ्या. तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसतं ते आधी विचारा. उगाच एसटीचं भाडं आणि एक दिवस जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दृष्टिदोषाच्या जुन्या निकषांत 40, 75, 100 अशा मोठ्या पायऱ्या होत्या. 4 जानेवारी 2018 ला आलेल्या निकषांत दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या आल्या. म्हणून फेरतपासणीला बोलावलं तर 75 हा आकडा तसाच राहणार नाही, 70 किंवा 80 येऊ शकतो. हा फरक कागदापुरता नाही. 40 किंवा जास्तला शिष्यवृत्ती, 65 च्या वर एसटीत सोबत्याची सवलत आणि 80 किंवा जास्तला केंद्राची वेगळी पेन्शन, अशा रेषा ठरलेल्या आहेत. तपासणीला जाताना डोळ्यांचे सगळे जुने कागद, व्हिज्युअल फिल्डचा (नजरेच्या आवाक्याचा) रिपोर्ट असेल तर तोही, आणि चष्मा सोबत न्या. दृष्टी मोजतात ती चष्म्यासह. निकाल चुकीचा वाटला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या (2016) कलम 59 खाली अपील करता येतं. ऑक्टोबर 2024 मधल्या नियमबदलानुसार प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. त्याच बदलात हेही आहे की अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत तर दोन वर्षांनी अर्ज रद्द होतो. अर्ज टाकला म्हणजे काम झालं, असं धरून बसू नका.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि यूडीआयडीवर अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे ‘ज्ञानोबा’ आणि दुसरीकडे ‘ज्ञानदेव’ असलं तरी पडताळणीत अर्ज परत येतो. दुरुस्ती करायची तर आधी आधार दहावीप्रमाणे करा, मग यूडीआयडी. उलट क्रमानं गेलात तर दोनदा हेलपाटा होतो.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल घ्यायचा आणि आपले सरकार केंद्रातून तहसीलचा दाखला काढायचा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. दरमहा अनुदान देणाऱ्या राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी ही मर्यादा 50,000 रुपये आहे. दोन कामांसाठी दोन वेगळ्या आकड्यांचे दाखले काढायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. दाखल्यांचे नंबर ऑनलाइन असतात, आकडे ताडले गेले की दोन्ही अर्ज गोत्यात येतात. जे खरं उत्पन्न आहे त्याचाच दाखला काढा, 50,000 च्या आत बसत असेल तर दोन्हीकडे तोच लावा. दाखल्याची मुदतही बघून घ्या.

तिसरं बँक खातं, आणि मंजूर झालेले पैसे सर्वांत जास्त इथेच अडकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारला ‘लिंक’ झालं असं लोक समजतात. केवायसी (ओळखीचे कागद देणं) वेगळी आणि आधार सीडिंग (अनुदान त्या खात्यात यावं म्हणून आधार क्रमांक जोडणं) वेगळं. अनुदानाचे पैसे आधार क्रमांकावरून येतात. फॉर्ममध्ये कोणता खाते क्रमांक लिहिलाय याला त्यात फार अर्थ उरत नाही. ज्या बँकेनं सर्वांत शेवटी आधार सीड केलं तिथे रक्कम जाते. भावानं संभाजीनगरला नवीन खातं उघडून तिथे आधार सीडिंगच्या संमतीपत्रावर सही केली तर गावच्या ग्रामीण बँकेत येणारे पैसे तिकडे वळतील. ते घरच्यांना माहीत नसतं, म्हणून ‘पैसे आलेच नाहीत’ असं वाटत राहतं. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं. तिथे बँकेचं नाव आणि पुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. खातं पूर्ण केवायसी नसलेलं ‘छोटं खातं’ असेल तर वर्षाला 1 लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लकही 50,000 च्या वर ठेवता येत नाही. ते आधीच साधं बचत खातं करून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातंही बंद पडल्यासारखंच असतं, बँकेत पुन्हा केवायसी करून ते चालू करा.

आता शिष्यवृत्ती. दोन रस्ते आहेत आणि एका वर्षात एकाचेच पैसे घेता येतात.

केंद्राची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. बी.ए.ला वसतिगृहात राहणाऱ्याला महिन्याला 950, घरून येणाऱ्याला 650 रुपये निर्वाह भत्ता आहे. पुस्तकांसाठी वर्षाला 1,500. दिव्यांग भत्ता दृष्टिबाधितांना वर्षाला 4,000, इतर बहुतेकांना 2,000. शिवाय परत न मिळणारी सक्तीची फी वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत मिळते. बी.ए.ची फी थोडी असते, त्यामुळे तुमच्या दृष्टीनं निर्वाह भत्ता आणि ते 4,000 हेच मोलाचे. अडचण एकच, जागा देशभरात मिळून 17,000. अर्ज पात्र असला तरी निवड होईलच असं नाही.

राज्याची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर आहे. तिला उत्पन्नाची अट नाही, निर्वाह भत्ता आणि फी मिळते, अंध विद्यार्थ्याला वाचकाचा भत्ताही आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर आधी विचारा: यंदा दोन्ही पोर्टलच्या तारखा काय आहेत आणि कॉलेजकडून कुठले अर्ज नीट पुढे जातात. भाऊ वसतिगृहात राहणार असेल आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मी केंद्राची आधी बघेन. निवड न होण्याची जोखीम नको असेल तर राज्याची.

केंद्राच्या पोर्टलवर आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करावं लागतं. मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी होते आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी वर्षं तोच चालतो. पडताळणीच्या वेळी डोळे मिचकवायला सांगतात, दृष्टिदोष असलेल्याला ते अवघड जातं. खिडकीसमोर तोंड करून, उजेड चेहऱ्यावर घेऊन, दुसऱ्यानं मोबाइल धरून करा. फॉर्ममध्ये ‘दिव्यांग आहे का’ या रकान्यात ‘होय’ करून यूडीआयडी क्रमांक भरला नाही, तर ही योजना यादीत दिसतच नाही. योजना दिसत नाही म्हणून लोक अर्ज सोडून देतात, कारण मात्र तो एक रकाना असतो. कॉलेज निवडताना नाव वाचून निवडू नका, कॉलेजकडून त्यांचा आयशे कोड (प्रत्येक कॉलेजचा वेगळा सरकारी क्रमांक) घ्या. सारख्या नावाची कॉलेजं आपल्याकडे जागोजागी आहेत. चुकीचं निवडलं तर अर्ज दुसऱ्याच प्राचार्यांकडे पडून राहतो. वसतिगृहात राहतो असं लिहिलं तर वसतिगृहाचं पत्र तयार ठेवा.

फॉर्म भरल्यावर प्रिंट आणि झेरॉक्सचा संच लगेच कॉलेजात द्या. पहिली पडताळणी कॉलेजच करतं आणि त्याची मुदत वेगळी असते. स्टेटसमध्ये ‘डिफेक्टिव्ह’ आलं म्हणजे अर्ज नाकारला असं नाही, दुरुस्तीसाठी परत आलाय. पण दुरुस्तीची तारीख गेली की त्या वर्षाचं संपलं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो, तो आपोआप होत नाही.

तुम्ही अनुसूचित जातीत किंवा नवबौद्ध असाल तर गणित बदलतं. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दिव्यांगाला शैक्षणिक भत्त्यात 10 टक्के जादा आहे. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेतून संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला 51,000 रुपये मिळतात. त्यासाठीची गुणांची अट दिव्यांगाला 40 टक्क्यांचीच आहे. ही रक्कम वरच्या कुठल्याही भत्त्यापेक्षा मोठी आहे, म्हणून पात्र असाल तर आधी हिचाच विचार करा. इतर मागास, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी अशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

संजय गांधी निराधारचा अर्ज कॉलेजच्या गावी करायचा नसतो, तो अंबाजोगाई तहसीललाच. आधार, यूडीआयडी, उत्पन्नाचा दाखला, राज्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि फोटो लागतात. दिव्यांगांसाठीचं अनुदान 2025 मध्ये 1,500 वरून महिन्याला 2,500 रुपये झालं. ही शिष्यवृत्ती नाही, त्यामुळे शिकतोय म्हणून अर्जच करू नये असं काही नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुलगा शहरात असल्यानं तो राहून जातो आणि पैसे थांबतात. दिवाळीच्या सुट्टीत आला की उरकून घ्या. फेरतपासणीत 80 टक्के किंवा जास्त आलं आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाबद्दलही तिथेच विचारा.

प्रवासाचं: एसटीत भाड्यात 75 टक्के सवलत आहे, 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर एका सोबत्याला 50 टक्के. रेल्वेत मात्र अजिबात दृष्टी नसलेल्यांनाच सवलत आहे, कमी दृष्टीला नाही. परळीहून गाडीनं जायचा बेत असेल तर तिकीट पूर्ण धरूनच हिशेब करा.

परीक्षेचं पहिल्या सत्रापासूनच बघा. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक स्वतः आणणार असाल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं हवं. परीक्षा केंद्राकडूनही लेखनिक मागता येतो. प्राचार्यांकडे लेखी अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. परीक्षेच्या दिवशी तोंडी सांगून काम होत नाही. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका वाचता येत असेल तर तीही त्याच अर्जात मागा.

अभ्यासाला खर्च लागेलच असं नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि मराठीही वाचतो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात दृष्टिबाधितांना पुस्तकं मिळतात. लॅपटॉपची गरज असेल तर ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी आहे. ग्रामसभेत लेखी मागणी करा, नाव ठरावात घ्यायला सांगा आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात वेगळा अर्ज द्या.

कॉलेजनं लेखनिक नाकारला, अर्ज पुढे पाठवलाच नाही, असं काही झालं तर आधी प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा. सरकारी संस्था असेल तर त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव मागा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवता येते. तिला अर्जाच्या पोचपावत्या जोडायच्या असतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल लावा.