सात महिने बंद ठेवलेलं दूध परत घेतल्यावर आधीपेक्षा जास्त त्रास झाला, आता दूध कायमचं सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की गहू, दूध, कांदा, लसूण, अंडी असं सगळं एकदम बंद केलं, पोट शांत झालं, मग सात महिन्यांनी एक मोठा ग्लास दूध प्यायलात आणि आधी कधी झाला नव्हता एवढा गॅस, मुरडा, जुलाब. त्यात घरचे म्हणतायत की तू सोडलंस म्हणूनच आता पचेना. आधी सरळ सांगते, त्या एका ग्लासावरून दूध कायमचं सोडू नका. इतक्या दिवसांनी रिकाम्या पोटी एका दमात घेतलेलं एवढं दूध झेपलं नाही इतकंच त्यातून कळलं, किती झेपतं ते तुम्ही अजून तपासलेलंच नाही.

हे एवढं ठासून लिहितेय कारण मी अकरा महिने नेमकी इथेच अडकले होते आणि त्यापायी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीशी माझं जवळपास वर्षभर नीट बोलणं नव्हतं.

माझं असं झालं की आयबीएसचं (आतड्यात इजा दिसत नाही पण पोट सारखं दुखतं, फुगतं, बिघडतं असा विकार) निदान झाल्यावर एका आहारसल्लागाराने मला काय काय बंद करायचं त्याची दोन पानी यादी दिली आणि परत कधी, कसं सुरू करायचं याबद्दल एक ओळ दिली नाही. सहा आठवड्यांत पोट इतकं छान झालं की मला वाटलं हेच आता आयुष्यभर. त्यात कुणीतरी सुचवलं म्हणून रक्ताची ती आयजीजी टेस्ट केली, रिपोर्टमध्ये लाल रंगात ओळीने पदार्थ, ज्यातले निम्मे मी रोज आरामात खात होते, तेही बंद केले. वजन उतरलं, केस गळायला लागले, कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की पोटात गोळा. (आयजीजी ही रक्तातली एक अँटिबॉडी, ती सापडली म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालीय एवढंच. युरोपच्या अ‍ॅलर्जी अकादमीने 2008 मध्येच सांगून ठेवलंय की फूड इनटॉलरन्स शोधायला ही टेस्ट वापरू नका. तरी विकतात आणि लोक घाबरून करतात, याचा मला आजही प्रचंड राग आहे.)

तर अकराव्या महिन्यात ताईने जेवायला बोलावलं. मी माझा डबा घेऊन गेले, तिला ते लागलं, साहजिकच लागलं. ती म्हणाली, अगं तुझ्यासाठी सूपमधला कांदा काढून टाकलाय बघ. आणि खरंच काढला होता, मी स्वतः बघितलं, ओट्याशी उभी राहून चमच्याने एकेक फोड वेचून बशीत ठेवत होती, बशीत ढीग झाला होता. मला भरून आलं. मी दोन वाट्या सूप प्यायले, सोबत ब्रेडचे दोन स्लाइस, वर थोडं पुडिंगही. रात्री अडीचला उठले ते सकाळपर्यंत बाथरूममध्ये. पोट असं फुगलं होतं की झोपायच्या कपड्याची नाडीसुद्धा सहन होईना. सकाळी ताईचा फोन, मी सांगितलं, तर तिकडून उत्तर आलं, "कांदा तर मी काढला होता. हे सगळं तुझ्या मनात आहे, आणि अकरा महिने सोडलंस ना, पोट विसरलं आता." मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी ठरवलं की गहू, दूध सगळं जन्मभर बंद.

त्या रात्रीचं नेमकं काय झालं ते मला पुढे एका दुसऱ्या डाएटिशियनने पाच मिनिटांत समजावलं. कांदा-लसणातला आणि गव्हातलाही जो भाग आयबीएसवाल्यांना त्रास देतो तो फ्रुक्टान, आणि फ्रुक्टान पाण्यात विरघळतो. म्हणजे सूप उकळताना तो फोडींतून निघून पाण्यात उतरलेला असतो, नंतर फोडी वेचा नाहीतर अख्खा कांदा काढा, सूपमध्ये तो आहेच. तेलात मात्र तो उतरत नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर ते तेल बहुतेकांना चालतं. ताईने एवढ्या मायेने जे केलं होतं ते तेलाच्या बाबतीत अगदी बरोबर ठरलं असतं, सूपच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नव्हता. हे त्या दिवशी आम्हा दोघींपैकी एकीला जरी माहीत असतं तर वर्ष वाया गेलं नसतं.

आणि मी तरी काय केलं, कांदा, गहू, दूध तिन्ही एका जेवणात घेतले आणि तिन्हींवर ठपका ठेवला. तुम्ही निदान एकटं दूध घेतलंत, एवढं माझ्यापेक्षा बरं केलंत.

तुम्ही-आम्ही करतो तसल्या बंद-चालूच्या आहाराचं मूळ म्हणजे लो फॉडमॅप डाएट (फॉडमॅप म्हणजे नीट न शोषल्या जाता आतड्यात आंबणाऱ्या साखरा, फ्रुक्टान आणि लॅक्टोज त्यातलेच), ते ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तयार झालं, त्यात बंद करण्याचा टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा आहे. त्यानंतर एकेक गट परत आणून बघायचा, आणि शेवटी जे झेपतं ते सगळं ताटात परत घ्यायचं. लोक पहिला टप्पा करून थांबतात आणि त्यालाच डाएट म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की परत कसं आणायचं ते न सांगता जो बंद करायला सांगतो त्याने पेशंटचं अर्धं नुकसान तिथेच केलेलं असतं. जास्त दिवस असं खाल्लं की आतड्यातले बिफिडो नावाचे चांगले बॅक्टेरिया घटतात हे अभ्यासांत दिसलंय, दूध बंद असेल तर कॅल्शियमचाही प्रश्न येतो.

आता दुधाचं. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम मोठ्या माणसात किती असायचं ते बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं, दूध सोडल्याने ते कमी होत नाही. पण न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं आणि रोज थोडं थोडं जात असेल तर तिथल्या बॅक्टेरियांना त्याची सवय होते, गॅस कमी होतो. दूध बंद केलं की ती सवय मोडते. म्हणजे "पोट विसरलं" हे ताईचं म्हणणं दुधापुरतं बरोबर होतं, मी हे तिला तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहिते. तुमच्या घरचेही तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण मोडलेली सवय परत लागते. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, फारसा त्रास न होता चालतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं.

तर बाकी सगळं जसं बंद आहे तसंच ठेवून पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप, जेवणासोबत. मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबायचं आणि कितीला झाला ते लिहून ठेवायचं. मग दोन-तीन दिवस काही नवीन नाही, पोट पूर्ण शांत झाल्यावरच पुढचा पदार्थ. पाळीचे दिवस, जागरण, प्रवास, सर्दी-ताप यातलं काही असेल तर त्या आठवड्यात टेस्ट करू नका, कशाने काय झालं तेच कळत नाही. लॅक्टोज-फ्री दुधानेही तसाच त्रास झाला तर भानगड लॅक्टोजची नाही, मग डॉक्टरांशी बोला. मला अर्धा कप आरामात चालतो, ग्लासभर नाही. गव्हाचे दोन स्लाइस चालतात, चार नाही. कांदा मात्र चमचाभरसुद्धा नाही.

आणि हे "मनाचे खेळ" प्रकरण. नॉर्वेत एक अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला, ग्लूटेनने, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाने, त्रास होतो असं स्वतःच ठरवलेले 59 लोक घेतले, सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) नसलेले. प्रत्येकाला एक आठवडा ग्लूटेनवाला बार, एक आठवडा फ्रुक्टानवाला, एक आठवडा दोन्ही नसलेला, कुठला कधी ते माहीत नाही. सगळ्यात जास्त त्रास 24 जणांना फ्रुक्टानने झाला, 13 जणांना ग्लूटेनने, आणि 22 जणांना ज्यात काहीच नव्हतं त्याने. ही 22 माणसं खोटं बोलत नव्हती, पोट खरंच दुखतं, भीतीनेही दुखतं. म्हणून कुणाला नुसतं "मनाचं आहे" म्हणून झटकणं चूक, आणि आपल्या प्रत्येक दुखण्याला पदार्थच जबाबदार धरणंही चूक. तपासून बघायचं.

आम्ही तपासलं. डाएटिशियनच्या सल्ल्याने मीच ताईला म्हटलं, तू कर टेस्ट. तिने सूपचे तीन सारखे डबे केले, झाकणावर 1, 2, 3 लिहिलं, वास कळू नये म्हणून तिन्हींत लसणाचं तेल आणि भरपूर मिरपूड, एकातच कांदा उकळून गाळलेला, आणि चिठ्ठ्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. चार-चार दिवसांच्या अंतराने मी एकेक प्यायले. एक नंबर, काही नाही. दोन नंबर, रात्री पुन्हा तोच प्रकार. तीन नंबरच्या दिवशी मी घाबरलेली होते तरी काही झालं नाही. चौथ्या दिवशी ताईने माझ्यासमोर चिठ्ठी उघडली, दोन नंबरवर तिच्याच अक्षरात "कांदा, गाळून" लिहिलेलं. तीन डब्यांनी काही सिद्ध होत नाही असं कुणी म्हणेल, म्हणू दे. ती बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मीच तुला पाजलं." मी म्हटलं, तुला काय माहीत, मला तरी कुठे माहीत होतं. पण त्यानंतर ती "मनात आहे" हा शब्द पुन्हा बोलली नाही आणि मीही तिच्याकडे डबा नेणं बंद केलं, आता ती सूपमध्ये कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घालते, तो मला चालतो.

ज्यांच्या घरात असं चाललंय त्यांना माझं सांगणं आहे की चोरून घालून बघू नका. विचारून, ठरवून करा. चोरून घातलेलं कळलं की माणूस तुमच्या हातचं खाणं सोडतो.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहिते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर यातलं काही झालं असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तो पदार्थ घरी थोडा थोडा घेऊन बघायचाच नाही, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तुमच्या यादीत अंडीही आहेत, पूर्वी कधी अंड्याने असं झालं असेल तर हे तुमच्यासाठीच आहे. एक्झिमासाठी लहान मुलांचं दूध-अंडं मनाने बंद करणाऱ्यांनी तर जास्तच जपा, बरेच महिने बंद ठेवून परत दिल्यावर काही मुलांना आधी कधी नव्हती अशी तीव्र रिअ‍ॅक्शन आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब जे थांबतच नाहीत, कारण नसताना वजन उतरणं, यात डाएट करत बसू नका. खाण्याची भीती बसली असेल, आधी कधी ईटिंग डिसऑर्डर असेल तर बंद करण्याचा हा प्रकार तुमच्यासाठी नाहीच.

आणि गहू बंद करण्याआधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी केली होती का? तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल केली तर तीच आता आधी, पण गहू बंद असताना केली तर सीलिअ‍ॅक असूनही नॉर्मल येऊ शकते, त्यासाठी साधारण सहा आठवडे रोज गहू खावा लागतो, तो कसा आणि किती ते डॉक्टरांना विचारूनच. दुधाचं पाव कपवालं त्याच्या नंतर केलंत तरी काही बिघडत नाही.