काजूचोर, बांधाचा वाद आणि परवान्याची बंदूक

प्रश्न : सिंधुदुर्गात आमची काजूची बाग आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे. हंगामात रात्री काजू चोरीला जातात. शिवाय बांधावरून भांडणारा शेजारी कोयता घेऊन अंगावर येतो. बंदूक चालवली तर कायदा आमच्या बाजूने राहील का?

उत्तर : काजूचोरावर चालवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क मोजक्याच प्रसंगी मिळतो : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा चोरी करताना जीव जाण्याची अथवा गंभीर दुखापतीची भीती वाटेल अशी परिस्थिती. उघड्या बागेतून पिशवी भरून पळणारा माणूस यात बसत नाही. बॅटरी मारा, ओरडा, ११२ ला फोन करा. हवेत बार काढणेही निर्धोक नाही. निष्काळजीपणे बंदूक चालवून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

शेजाऱ्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. शेतकऱ्याच्या हातात कोयता असणे हा हल्ला नव्हे. तो उगारून, वार पोहोचेल इतक्या अंतरावर चालून आला आणि मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती निर्माण झाली, तर न्याय संहितेच्या कलम ३८ चा, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क सुरू होतो. वार अंगावर पडेपर्यंत थांबायची सक्ती नाही. पळून जाण्याचे बंधनही कायदा घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात हे स्पष्ट केले आहे. मात्र धोका संपला की हक्कही संपतो. वळून चाललेल्या माणसाच्या पाठीत शिरलेले छर्रे शवविच्छेदनात दिसतात आणि तिथे बचाव कोसळतो. पोलिसांना बोलवायला वेळ होता का, गरजेपेक्षा जास्त इजा केली का, हे कलम ३७ खाली तपासले जाते. स्वसंरक्षण होते हे दाखवण्याची जबाबदारीही तुमच्यावरच असते.

म्हणूनच बांधावर बंदूक घेऊन जाऊच नका, हा आमचा आग्रह आहे. वाद घालायला शस्त्रानिशी गेलेल्या माणसाला ‘मी फक्त बचाव केला’ हे पटवणे फार जड जाते. त्यातून ठासणीच्या बंदुकीत एकच बार. चुकला तर पुन्हा ठासायला वेळ नाही, आणि छर्रे पसरून मागच्या माणसाला लागू शकतात. घरातही ती बार भरून ठेवू नका. बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या केप (टोप्या) वेगळ्या कुलपात ठेवा.

वादाचे मूळ मोजणीत आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. शेतरस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावा. धमक्यांची तारीखवार लेखी तक्रार पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. शेजारी अंगावर आला तर आधी मागे सरा आणि घराचे दार लावा. कायद्याची सक्ती नसली तरी यातच तुमचे हित आहे.

प्रश्न : मुलीने पेपर स्प्रे जवळ ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, परवाना लागत नाही. पण गरजेपुरत्याच बळाचा नियम इथेही आहे. वारा तोंडावर येत असेल तर तो तिच्याच डोळ्यांत जाईल. फवारून लगेच दूर पळायचे, तिथे थांबायचे नाही. डब्यावरची मुदत तपासत राहा.