गिटारचं फझ पेडल घरी बनवताना व्हेरोबोर्ड घ्यावा, डॉट बोर्ड की पीसीबी?

फझ म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल. पहिलंच पेडल असेल तर डॉट बोर्ड घ्या, म्हणजे तांब्याच्या सुट्ट्या ठिपक्यांचा, छिद्रांचा बोर्ड. (व्हेरोबोर्डावर ठिपक्यांऐवजी तांब्याच्या सलग पट्ट्या असतात, आणि पीसीबीवर त्या सर्किटपुरत्याच तांब्याच्या वाटा ठेवलेल्या असतात.) पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला झिरो पीसीबी म्हणून मागितलात की मिळेल. फक्त तपकिरी घेऊ नका, हिरवा ग्लास इपॉक्सीचा घ्या. तपकिरीवर एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा सोल्डरिंग आयर्न टेकवलं की तांब्याचा ठिपका उचलून येतो, आणि फझमध्ये पार्ट बदलायची वेळ येतेच.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यामुळे. "मित्र म्हणतो, पीसीबीशिवाय आवाज स्वच्छ येत नाही." हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय.

आमच्या बँडमधल्या गिटारिस्टला मी बीसी 108 ट्रान्झिस्टर वापरून फझ करून दिला होता. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या खुंट्या), बस. घरी अप्रतिम वाजायचा. प्रॅक्टिसच्या जागी नेला आणि घूंऽऽ सुरू झालं. तिथल्या साउंडवाल्या दादांनी पेडलचं झाकण उघडलं, आतला डॉट बोर्ड पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असल्या बोर्डावर केल्यावर आणखी काय होणार? नीट पीसीबी मारून आण." गिटारिस्टला ते पटलं. त्याने पेडल परत दिलं आणि विकतचं घेतलं.

मी तोच सर्किट पीसीबीवर उतरवला. लेसर प्रिंटरची प्रिंट, गुळगुळीत कागद, कपड्यांची इस्त्री, नको असलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराईड, 0.8 मिलिमीटरचं ड्रिल, सगळं साग्रसंगीत. किमती त्याच, ट्रान्झिस्टरही काढून तेच बसवले. त्याच जागी, त्याच अडॅप्टरवर लावलं, तर तीच घूं. मग अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावली आणि आवाज साफ बंद. डॉट बोर्डावर पुन्हा तेच ट्रान्झिस्टर लावून पाहिले, बॅटरीवर तोही चिडीचूप. तिथे एका स्वस्त अडॅप्टरवर चार पेडल लोंबकळत होती, दोष त्याचा. फझमध्ये सप्लायवरची घाण कलेक्टरच्या रेझिस्टरमधून सरळ सिग्नलमध्ये उतरते, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी शिरलेली दुसरा आणखी फुगवतो. त्यात बोर्ड काय करणार? सप्लायच्या वायरीत 100 ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, बराच फरक पडतो. पेडलमधून आकाशवाणी ऐकू यायला लागली तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये 100 पिकोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर टाका, इनपुटची वायर शील्डेड घ्या आणि डबा धातूचाच वापरा.

शिवाय लंडनच्या सोला साउंडचा 1960च्या दशकातला टोन बेंडर मार्क टू हा फझ, ज्याच्यासाठी आज लोक वाट्टेल ती किंमत मोजतात, तो पट्ट्यांच्या, म्हणजे व्हेरोसारख्या बोर्डावरच बांधलेला होता. हे त्या दादांना सांगायचं राहून गेलं.

डॉट बोर्डाचा खरा फायदा असा की सर्किट हाताखालून जातो. असा दोन ट्रान्झिस्टरचा फझ जुळवताना दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावून साधारण साडेचार व्होल्ट आणायचे असतात. त्यासाठी तिथल्या 8.2 किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमपॉट (फिरवून किंमत बदलता येणारा छोटा रेझिस्टर) बसवा, फिरवून व्होल्टेज जुळवा, कानाला पटलं की मोजून तेवढा रेझिस्टर लावा. डॉट बोर्डावर हे दोन मिनिटांचं काम आहे. पीसीबीवर ट्रिमपॉटची जागा आधी धरली नसेल तर पार्ट लोंबकळत ठेवून ते करावं लागतं.

व्हेरोही वाईट नाही. इंटरनेटवर त्याचे तयार लेआउट ढिगाने आहेत. पण ट्रॅक तोडताना केसाएवढा तांब्याचा धागा राहून जातो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि पेडल मुकं राहतं. तोडलेली प्रत्येक जागा भिंगाखाली बघा, मीटरने तपासा, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांमधून कटरचं टोक ओढून घ्या. जास्त गेनच्या सर्किटमध्ये इनपुट-आउटपुटच्या पट्ट्या शेजारी आल्या तर शिट्टी वाजते, एवढं मात्र मान्य.

आणि हो, पीटी 2399 या चिपचा डिले, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल करायचं असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि पीसीबीच करा. त्यात डिजिटल आणि ऑडिओचं ग्राउंड नीट सांभाळावं लागतं. एकच पेडल पाच-दहा जणांना करून द्यायचं असेल तरीही पीसीबीच, बाहेरून छापून घेतलेला. घरीच तांबं विरघळवून पीसीबी करणार असाल तर फेरिक क्लोराईड बेसिनमध्ये ओतू नका. फरशीवरचा त्याचा डाग निघत नाही आणि तांबं विरघळलेलं ते पाणी गटारात सोडायच्या लायकीचं नसतं.

बाकी तुमच्या मित्राला ते पेडल आधी बॅटरीवर वाजवायला सांगा. तरीही घूं आली तर मग बोर्डाचं बघू म्हणावं.